कीबोर्डला हात न लावणाऱ्या कुंदाताई

"काय काय गेलं तर रडशील?"

कुंदाताई शिरोडकरांचा हा पहिला प्रश्न. कालच घेतलेला कोरा लॅपटॉप घेऊन जा नाहीतर सात वर्षांचं धूड घेऊन जा, प्रश्न तोच. आपली मागणी साधी असायची. एकाच लॅपटॉपवर विंडोजही हवं आणि लिनक्सही हवं. चालू केला की त्यानं काळ्या पडद्यावर विचारावं, बाई गं, आज कुठल्यात जायचं? ह्याला डुअल बूट म्हणतात. सिंगापुरात क्लेमेंटीला भाड्याच्या खोल्यांतून राहून पीएचडी करणाऱ्या आम्हा मराठी पोरापोरींना त्यावाचून गत्यंतर नव्हतं. प्राध्यापकांची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालायची आणि त्यांनीच दुरुस्त्या करून पाठवलेली प्रकरणं विंडोजवर धड उघडायची. आपण लॅपटॉप टेबलावर ठेवून पळायच्या बेतात असावं, तर ही पाच फुटांच्या आतली बाई चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, काय गेलं तर रडशील. आणि उत्तर कागदावर, पेनानं लिहून द्यायचं.

परवा रॅफल्स प्लेसला आमच्या बँकेत एक नवीन मुलगा म्हणाला, हल्ली डुअल बूट कोण करतंय, तो जमाना गेला. मला उगाचच त्याचा राग आला. जमाना गेला म्हणे. तो जमाना कुणी चालवला हे ह्याला काय माहीत? तसा माझा स्वभाव तापटच आहे, पण हा राग निराळा होता. तो कुठून आला हे कळायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला, आणि मग रात्री जेवण गेलं नाही.

कुंदाताई विद्यापीठाच्या एका विभागात संगणक सांभाळायच्या. ठाण्याच्या. सिंगापूरला येऊन वीसेक वर्षं झालेली, राहायच्या चोआ चू कांगला, एचडीबीच्या म्हणजे सरकारी घरांच्या इमारतीत नवव्या मजल्यावर, एकट्या. लग्न झालं होतं की नव्हतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तशी मी भोचक आहे, पण त्यांना विचारायची छाती झाली नाही. केस बारीक कापलेले, सुती कुडता, पायात रबरी चपला. खांद्यावरच्या कापडी पिशवीत हिंगाची एक जुनी डबी आणि डबीत चार पेनड्राइव्ह. त्या घरी येऊन गेल्या की लॅपटॉपच्या पोर्टला दोन दिवस हिंगाचा वास यायचा, हे मी शपथेवर सांगते.

त्यांचे नियम मोजकेच होते, पण चुलीच्या सोवळ्यासारखे कडक. ज्याचं मशीन त्यानं स्वतः समोर बसायचं. जे जपायचं ते दोन ठिकाणी उतरवून ठेवायचं. उतरवलेली डिस्क नुसती काढायची नाही, तर खोलीबाहेर न्यायची आणि फ्रिजवर ठेवायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे कुंदाताई तुमच्या कीबोर्डला हात लावणार नाहीत. टाइप तुम्ही करायचं. त्या शेजारी बसून सांगणार आणि स्वतः मेथी निवडणार. हो, मेथी. टेक्का मार्केटातून दोन जुड्या घेऊनच यायच्या. मी एकदा विचारलं, ताई, ही भाजी कशाला? तर म्हणाल्या, "हात रिकामे राहिले की ते तुझ्या मशीनवर जातात. मग तू शिकत नाहीस, आणि चुकलं तर मी चुकते." लिनक्स बसेपर्यंत जुड्या निवडून व्हायच्या. ती भाजी आमच्याच घरी टाकून त्या निघून जायच्या.

त्या रडायच्या यादीचे किस्से सांगावे तेवढे थोडे. एक नवं जोडपं त्यांना घरी बोलावून घेऊन गेलं होतं, मोठा काँडो, खाली पोहण्याचा तलाव वगैरे. नवऱ्यानं यादीत पहिलं लिहिलं, लग्नाचा व्हिडिओ. बायको शांतपणे म्हणाली, तो गेला तरी चालेल, मामानं काढलाय, त्यात निम्मा वेळ पंगत आहे. नवरा हिरमुसला. कुंदाताई मेथी खुडत राहिल्या आणि म्हणाल्या, दोघांच्या याद्या वेगळ्या करा, मी पाचव्या मजल्यावरचा तलाव बघून येते. तलाव तळमजल्याला होता, पण त्या वीस मिनिटं गेल्या. परत आल्या तेव्हा व्हिडिओ दोन्ही याद्यांत होता.

त्याच काँडोत वरच्या मजल्यावर ऋचा नावाची आठवीतली मुलगी होती. तिला लिनक्स हवं होतं. ती भराभरा बटणं दाबायला लागली. कुंदाताई म्हणाल्या, थांब, काय लिहिलंय ते वाच. तर ती इथल्या पोरांसारखं हेल काढून म्हणे, "आंटी, जस्ट नेक्स्ट नेक्स्ट लाह." कुंदाताईंनी तिच्याकडून प्रत्येक पडदा मोठ्यानं वाचून घेतला, अल्पविरामांसकट. पोरगी रडकुंडीला आली. तिची आई मला नंतर म्हणाली, ह्या बाई फारच बाऊ करतात. मला मात्र हसू आलं होतं.

आणि इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमातली गोष्ट तर मी अजून नक्कल करून सांगते. एक वक्ते रंगात येऊन म्हणाले, आपण परदेशस्थ मराठी माणसं म्हणजे डुअल बूट आहोत, ऑफिसात इंग्रजी आणि घरी मराठी. काय टाळ्या! माझ्या शेजारी कुंदाताई वडा खात होत्या. खाणं न थांबवता म्हणाल्या, "एक पुरतं बंद केल्याशिवाय दुसरं उठत नाही म्हणावं ह्याला. आणि ह्याच्या घरी काय चालतं ते ह्याच्या मुलांना विचारा." मला ठसका लागला. माणसाला मशीनची उपमा दिलेली त्यांना मुळीच खपायची नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. टाळते आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

अमृता माझी रूममेट. साताऱ्याची, शांत, आणि हट्टी. ती दयाळ पक्ष्याच्या गाण्यावर प्रबंध लिहीत होती. रानातला दयाळ आणि एचडीबीच्या इमारतींमधला दयाळ ह्यांच्या गाण्यात काय फरक पडतो, असा विषय. चार वर्षं ही मुलगी पहाटे उठून, पहिली बस पकडून, माइक घेऊन जायची. कुंदाताईंचा तिच्यावर फार जीव. दर शनिवारी अमृतानं चोआ चू कांगला जेवायला जायचं, हे ठरलेलं. सुरमईची आमटी, भात, सोलकढी. मलाही कधीतरी बोलावणं यायचं, पण मी शेपटासारखी जायची. पानात मधली तुकडी अमृताला पडायची.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते, आणि त्यानंतर लगेच अमृताच्या स्टुडंट पासची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची मुदत संपत होती. मार्गदर्शकांनी शेवटचं एक विश्लेषण पुन्हा करायला सांगितलं. ते लिनक्सवरच व्हायचं, आणि तिच्या विभागाचा सर्व्हर नेमका दुरुस्तीला बंद. म्हणजे अमृताच्या लॅपटॉपवर डुअल बूट करणं आलं. लॅपटॉप तुडुंब भरलेला. जागा करायची म्हणून तिनं चार वर्षांची सगळी ध्वनिमुद्रणं एका बाहेरच्या डिस्कवर हलवली आणि लॅपटॉपवरून काढून टाकली. शनिवारी कुंदाताई त्यासाठी यायच्या होत्या, पण तिला मार्गदर्शकांनी अचानक बोलावलं. जाताना मला म्हणाली, ताईंना सांग सोमवारी करू, मी नसताना त्या करणार नाहीत.

मी सांगितलं नाही. मला वाटलं, संध्याकाळी ही दमून येईल, तर सगळं तयार असू दे. चांगल्याच हेतूनं केलं, ह्याची मी आजवर स्वतःशी हजारदा ग्वाही दिली आहे. मी कुंदाताईंना फोन करून म्हटलं, अमृता घरी नाही, पण तुम्ही या. त्या ऑफिसातच होत्या. दोन ठिकाणी उतरवलंय ना, त्यांनी विचारलं. अमृता मागे एकदा म्हणाली होती की पहिल्या वर्षाचं सर्व्हरवर आहे. मी "पहिल्या वर्षाचं" एवढं गाळलं आणि सांगितलं, हो, सर्व्हरवर आहे. त्या नको नको म्हणत होत्या. मी म्हटलं, ताई, तिच्या पासची तारीख बघा ना. ह्यावर त्या आल्या. थेट ऑफिसातून आल्या, त्यामुळे मेथी नव्हती.

मला पाचला गणपतीच्या नाटकाच्या तालमीला जायचं होतं. लहान मुलांचं नाटक, जंगलाचा प्रवेश, आणि पार्श्वसंगीत माझ्याकडे. मी घाई केली. म्हटलं, तुम्हीच टाइप करा ना, मला एवढं भराभर जमत नाही. त्या एक क्षण हात मांडीवर ठेवून बसल्या. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

डिस्क मी आधीच काढून फ्रिजवर ठेवली होती, त्यांच्यादेखत. तेवढ्यात त्यांना फोन आला आणि त्या बोलत बाल्कनीत गेल्या. मला आठवलं, जंगलाच्या प्रवेशाला पक्ष्यांचे आवाज लागणार, आणि ते तर अमृताच्या डिस्कवर ढिगानं आहेत. मी डिस्क आणली, लॅपटॉपला लावली, चार आवाज माझ्या पेनड्राइव्हवर घेतले, आणि नाटकाची संहिता तिच्यावर टाकून आत केस विंचरायला गेले. बाहेरून कुंदाताईंनी विचारलं, डिस्क काढलीस ना गं? मी आरशात बघत म्हटलं, "हो, मघाशीच."

लॅपटॉपच्या आतली डिस्क आणि ही बाहेरची, दोन्ही एकाच मापाच्या. इन्स्टॉल करताना पडद्यावर नुसती अक्षरं दिसतात, एकीला ए, दुसरीला बी. त्यांना वाटलं लॅपटॉपची डिस्क तेवढीच दोन नावांनी दिसतेय, असंही कधीकधी होतं. त्यांनी एक निवडली. वीस मिनिटांनी लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि काळा पडदा न येता सरळ विंडोज उघडलं. मी पर्स घेऊन बाहेर आले तेव्हा माझी संहिता टेबलाच्या कडेला नीट रचून ठेवलेली होती आणि कुंदाताईंच्या हातात ती डिस्क होती.

"माझ्या हातून चूक झाली," त्या म्हणाल्या. "ह्या डिस्कवर आता कुणी काही लिहायचं नाही. मी अमृताला फोन करते."

लिनक्स अमृताच्या डिस्कवर बसलं होतं, तिच्यावरचं सगळं पुसून, हे मला एका क्षणात कळलं. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी पाणी आणून दिलं. पाणी!

अमृता आली ती भिंतीला टेकून खालीच बसली. मग ओरडली. मी तिला पाच वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. तुम्ही कधी कुणाच्या मशीनला हात लावत नाही, माझ्याच का लावलात, एवढंच ती पुन्हापुन्हा विचारत होती. कुंदाताईंनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, "मी बघायला हवं होतं. माझं चुकलं."

सोमवारी त्या अमृताबरोबर मार्गदर्शकांकडे गेल्या. मी दाराशी उभी होते. त्यांनी आपल्या ठाण्याच्या इंग्रजीत सांगितलं की हा सर्वस्वी माझा दोष आहे, विद्यार्थिनीचा नाही, हवं तर लिहून देते. आणि खरंच लिहून दिलं. अमृताला एक महिना वाढवून मिळाला, पासचंही त्यावरून मार्गी लागलं. कुंदाताईंनी रजा टाकली.

पुसलेल्या डिस्कवरून फायली परत काढता येतात, पण त्या नावाशिवाय येतात. नुसते आकडे. हजारावर मुद्रणं, कुठलं कधीचं आणि कुठलं कुठल्या जागेचं, पत्ता नाही. पण रानात मुद्रण करणारी माणसं सुरुवातीला माइकमध्ये तारीख, वेळ आणि जागा बोलून ठेवतात. अमृता तेवढं मराठीत बोलायची, एकटी असायची ना. कुंदाताई अकरा दिवस कानाला हेडफोन लावून आपल्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. एकेक फाइल ऐकायची, वहीत लिहायची, नाव द्यायचं. मी एकदा डबा घेऊन गेले. हेडफोन काढून म्हणाल्या, "दुसऱ्या वर्षीसुद्धा ही पोर किती घाबरत बोलायची गं. डास चावला की आईगं म्हणायची. आता बघ, कशी ठणकावून तारीख सांगते." त्यांचे डोळे सुजलेले होते. मी डबा ठेवला आणि पळाले. सांगायचंच म्हणून गेले होते, देवाशप्पथ.

बरंचसं मिळालं. सगळं नाही. इमारतींच्या मागच्या एका झाडोऱ्यातली मुद्रणं कायमची गेली, आणि तो झाडोरा तोवर बांधकामासाठी तोडलेला होता, म्हणजे पुन्हा करायची सोय नाही. अमृताचं सगळ्यात लाडकं प्रकरण चार पानांवर आलं. पदवी मिळाली, इथेच नोकरीही लागली, पण ते प्रकरण तिच्या मनातून गेलं नाही. शनिवारी जेवायला जाणं बंद झालं. कुंदाताईंनी दोनतीनदा फोन केला, अमृतानं उचलला नाही. मग त्यांनीही केला नाही.

आपल्या लोकांत बातमी पसरायला काय लागतं? मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, लॅपटॉप द्यायचा तर जपून. नाव नव्हतं, पण कळायचं त्यांना कळलं. पोरं आपापलं करू लागली किंवा दुकानात देऊ लागली. मी वाचलं आणि खाली काही लिहिलं नाही. कुणी समोर म्हणालं की कुंदाताईंचं वय झालं आता, तर मी हं म्हणायची. त्या "हं"ची मला आज शिसारी येते. अमृता आणि मी मात्र तशाच जिवाभावाच्या राहिलो. माझं लग्न ठरलं तेव्हा माझी खरेदी तिनं केली.

अशी चार वर्षं गेली. मागच्या वर्षी कुंदाताई निवृत्त झाल्या. नोकरी संपली, की पास संपला. त्या ठाण्याला परत चालल्या आहेत, हे मला तिसऱ्याकडूनच कळलं. मी चोआ चू कांगला गेले. त्या ब्लॉकच्या खाली दगडी बाकावर बसून जुन्या मॉनिटरला गिऱ्हाईक येईल म्हणून वाट बघत होत्या. मी शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. फ्रिज, पक्ष्यांचे आवाज, संहिता, आरसा. सर्व्हरचंही सांगितलं. रडत होते, पण शब्द गिळले नाहीत.

त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, संहिता मीच उचलली होती ना गं, मला तेव्हाच कळलं.

"मग बोलला का नाहीत?"

"तिला प्रबंध द्यायचा होता," त्या म्हणाल्या. "तेवढे दिवस घरात कुणीतरी हवं होतं. उठवायला, खायला घालायला. तू होतीस. तुझ्याशी भांडून ती कुठे गेली असती? राग काढायला मी होतेच की."

"नंतर तरी सांगायचंत."

"नंतर ते तुझं सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी वाट बघितली," असं त्या बोलल्या नाहीत. तेवढ्यात मॉनिटरवाला आला आणि त्या त्याला वायर कुठली कुठे लावायची ते समजावू लागल्या.

त्याच संध्याकाळी मी अमृताला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, विमान किती वाजता आहे?

शनिवारी सकाळी चांगी विमानतळावर मी जरा आधीच पोचले आणि लांब, खांबाशी उभी राहिले. अमृता आली. कुंदाताई दोन बॅगांच्या मध्ये खुर्चीवर बसलेल्या, ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली, इतक्या लोकांत. डोकं त्यांच्या गुडघ्यावर. कुंदाताई तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी बोलत होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी पुढे गेले नाही. वेळ झाली तेव्हा अमृतानं बॅगा ओढत त्यांना दारापर्यंत नेलं. परत येताना ती माझ्या अगदी जवळून गेली. मी तिचं नाव घेतलं. ती थांबली नाही, सरळ बाहेर टॅक्सीच्या रांगेकडे चालती झाली.

कुंदाताई काचेच्या पलीकडून हे बघत होत्या. मागचे लोक पुढे सरका म्हणत होते, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. मी दोन्ही हात जोडले. त्यांनी मान हलवली, उजव्या हाताची पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि मला खूण केली, जेवून घे. आणि पिशवी खांद्यावर नीट करून आत गेल्या.